रिद्धपूरच्या म्हाताऱ्या

(शेंदूरजनाघाट इथे बचत गटांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा हा मजकूर. बोलण्यातली भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)

मैत्रिणींनो, आणि मागे भिंतीला टेकून उभ्या असलेल्या मायबहिणींनो, पुढे या. सतरंजीवर अजून जागा आहे.

मला विषय दिला आहे तो असा: पूर्वीच्या काळी आपल्या भागात लोक रोजचं आयुष्य कसं जगत होते आणि त्यात बाई कुठे होती. मी समाजकार्य शिकलेली आहे, इतिहासाची प्राध्यापक नाही. पण ह्या विषयाशी माझं रोजचं भांडण आहे. गेली दहा वर्षं मी वरूड-मोर्शी भागात एकट्या बायांबरोबर काम करते आहे. कुणाचा नवरा दारूनं गेला, कुणाचा कर्जापायी फवारणीचं औषध पिऊन गेला, कुणाला टाकून दिलेलं आहे. ह्या बायांच्या घरी गेलं, की सासू, दीर, भाऊबंद, गावातले चार शहाणे, सगळे एकच वाक्य ऐकवतात. 'बाई, हे पूर्वापार चालत आलं आहे.' सातबाऱ्यावर नाव नाही लावायचं, पूर्वापार. हळदीला हात नाही लावायचा, पूर्वापार. चार दिवस पाण्याला शिवायचं नाही, पूर्वापार.

तेव्हा मी म्हटलं, हे पूर्वापार म्हणजे कधीपासून ते एकदा बघूच. त्यासाठी फार लांब जावं लागलं नाही. वरूड ओलांडलं, मोर्शी ओलांडलं, की रिद्धपूर. तुमच्यातल्या काहीजणी महानुभावांच्या यात्रेला तिथे जाऊन आल्या असतील. महानुभावांची काशीच ती.

रिद्धपूरची सर्वात जुनी जी वस्तू मला माहीत आहे ती एका विधवेची आहे. वाकाटकांची राणी प्रभावतीगुप्ता. हिचा नवरा दुसरा रुद्रसेन लवकर वारला, मुलं लहान होती, म्हणून तिनं स्वतः राज्य चालवलं. ही पाचव्या शतकाच्या सुरुवातीची गोष्ट. तिचा एक ताम्रपट रिद्धपूरला सापडला. तिनं जमीन दान दिली त्याचा तो कागद, म्हणजे तांब्याचा पत्रा. गंमत अशी, की ती आपली ओळख सांगते ती माहेरची. बाप गुप्तांचा सम्राट दुसरा चंद्रगुप्त, गोत्रही बापाचंच. आपण पुत्र-पौत्र असलेली वृद्धा आहोत हेही ती अभिमानानं लिहिते. कुंकू नसल्याची लाज त्या पत्र्यावर कुठेही नाही. अर्थात ती राणी होती. राणीला माफ असतं ते मजुरीला जाणाऱ्या बाईला माफ नसतं, हे तुम्हाला मी सांगायला नको.

त्या बाईबद्दल कळायचं असेल तर दुसरा एक ताम्रपट बघावा लागतो. तोही आपल्याच जिल्ह्यातला, अचलपूरकडच्या चम्मक गावचा. प्रभावतीच्या मुलानं, दुसऱ्या प्रवरसेनानं, हे अख्खं गाव एक हजार ब्राह्मणांना दान दिलं आणि त्या गावाला काय काय माफ आहे त्याची यादी कोरून ठेवली. गाईबैल द्यावे लागणार नाहीत, फुलं आणि दूध द्यावं लागणार नाही, चारा, कातडी, कोळसा द्यावा लागणार नाही, वेठबिगारी नाही. आता ही माफीची यादी उलटी वाचा. माफ न झालेल्या गावांना हे सगळं द्यावं लागत होतं! दूध काढलं कुणी, फुलं वेचली कुणी, चारा डोक्यावर कुणी आणला? पत्र्यावर दूध आहे, पण दूध काढणारी नाही.

जगाच्या दुसऱ्या टोकाला, मेक्सिकोत, अ‍ॅझटेक नावाचे लोक होते. १५२१ साली स्पॅनिश लोकांनी त्यांचं राज्य बुडवलं. त्यांच्याही खंडणीच्या याद्या शिल्लक आहेत, चित्रांच्या. प्रत्येक मुलखानं राजधानीला किती कापडं द्यायची ते त्यात काढलेलं आहे, गठ्ठेच्या गठ्ठे. ते कापड घरोघरी बायाच विणायच्या. म्हणजे राजाचा खजिना बाईच्या मागावर उभा होता. त्याच पुस्तकात मुलगी वयाप्रमाणे काय काय शिकते त्याचीही चित्रं आहेत. सहा-सात वर्षांची सूत कातते, तेराव्या वर्षी मका वाटते आणि भाकरी भाजते, चौदाव्या वर्षी मागावर बसते. मका वाटायची तीही दगडाच्या पाट्यावर, गुडघे टेकून. आपला पाटा-वरवंटा तुम्हाला लगेच ओळखू येईल. मुलीची नाळ तिथे चुलीजवळ पुरत आणि मुलाची रणांगणावर पाठवत. म्हणजे पोर जन्मल्या दिवशीच कुणी कुठे राहायचं हे ठरलं. पण एक गोष्ट त्यांच्यात अशी होती, की बाळंतपणात मेलेल्या बाईला लढाईत मेलेल्या शिपायाचा मान असे. मान होता, पण तो मेल्यावर.

आणि हो, त्या लोकांचं आपल्यावर एक मोठं देणं आहे. मिरची! मिरची, मका, टमाटा, ही सगळी त्या खंडातली पिकं. पोर्तुगीज इकडे आल्यानंतर ती आपल्याकडे आली. त्याच्या आधी वऱ्हाडात तिखट म्हणजे मिरी. मिरची हे नावही मिरीवरूनच पडलेलं. ठेच्याशिवाय वऱ्हाड कसं होतं याचा विचार करून बघा. (हशा.) तेव्हा 'पूर्वापार' म्हणून आपण ज्या ठेच्याची शपथ घेतो तोही चारपाचशे वर्षांपलीकडचा नाही.

आता मिरची नसलेल्या त्या वऱ्हाडात येऊ. तेराव्या शतकातलं रिद्धपूर. देवगिरीला यादवांचं राज्य आहे. रिद्धपुरात गोविंदप्रभू नावाचे एक पुरुष राहतात, लोक त्यांना राउळ म्हणतात. लहानपणीच आईबाप गेले, नातेवाइकांनी वाढवलं. वागणं असं, की गाव त्यांना वेडा म्हणतं. कुणाच्याही घरात शिरतात, चुलीवरचं मागतात, नाही दिलं तर घेतात. पोरांबरोबर खेळतात. महारामांगांच्या वस्तीत जातात आणि तसेच ब्राह्मणांच्या घरात येतात. वरच्या आळीतले लोक कुरकुर करतात, की यांनी सगळा विटाळ एक केला. गुजरातेतून आलेले चक्रधर ह्याच गोविंदप्रभूंना गुरू मानतात आणि पुढे महानुभाव पंथ उभा राहतो.

ह्या माणसांच्या आठवणी म्हाइंभटानं गोळा केल्या. ज्याला जे माहीत होतं त्याच्याकडे जाऊन विचारलं, लिहून घेतलं. ते लीळाचरित्र. १२७८ च्या सुमारास, रिद्धपुरातच. ज्ञानेश्वरीच्याही आधी. मराठीतला गद्याचा पहिला मोठा ग्रंथ आपल्या शेजारच्या गावात लिहिला गेला! पुढे गोविंदप्रभूंचंही चरित्र त्यानंच लिहिलं. ह्या दोन पुस्तकांत लढाया जवळजवळ नाहीत. आहे ते रोजचं. कोण कुणाकडे जेवलं, काय वाढलं, कुणाला ताप आला, कोण रुसलं, वाट कशी चुकली, भिक्षेला काय मिळालं. आणि त्यात बाया आहेत, नावानिशी आहेत. बाइसा, महदाइसा, आबाइसा, उमाइसा, एल्हाइसा, हिराइसा. त्यातल्या कितीतरी जणी प्रश्न विचारतात, वाद घालतात, हट्ट करतात. महदाइसा तर इतकं विचारायची, की ही म्हातारी सारखी काहीतरी विचारतच असते असं चक्रधर म्हणाल्याची आठवण आहे. तक्रार नव्हे ती, कौतुक होतं.

ह्या पुस्तकांतल्या तीन गोष्टी मला आज बोलायच्या आहेत.

पहिली विटाळाची. आपल्याला हा शब्द उच्चारायचीही चोरी. 'अडचण आली', 'कावळा शिवला', 'बाहेरची आहे', असं काहीही म्हणू पण नाव घेणार नाही. चक्रधरांकडे हा विषय निघाला तेव्हा त्यांनी जे सांगितलं त्याचा अर्थ असा: शरीराला नऊ दारं आहेत, प्रत्येक दारातून काही ना काही मळ बाहेर येतो. नाकातून शेंबूड येतो, कानातून मळ येतो, तसंच हे. धुवावं आणि मोकळं व्हावं. बस, एवढंच! पाप नाही की देवाचा कोप नाही. सातशे वर्षांपूर्वी रिद्धपूर-पैठणच्या वाटेवर जी गोष्ट इतकी साधी होती ती आपल्या घरात अजून कोपऱ्यात, वेगळ्या गोधडीवर बसवली जाते. आणि संत्र्याची तोड असली, की मात्र त्याच चार दिवसांत बाग चालते, मजुरी चालते. फळाला विटाळ होत नाही, माठाला होतो.

दुसरी विहिरीची. रिद्धपुरात मांगांना पाणी नव्हतं. ते गोविंदप्रभूंकडे आले आणि त्यांनी त्यांच्यासाठी विहीर करवली. ही गोष्ट लोक फार कौतुकानं सांगतात, मीही सांगते. पण आपण पाणी भरणाऱ्या बाया आहोत, आपण जरा पुढचं बघू. मांगांना वेगळी विहीर मिळाली याचा अर्थ गावाची विहीर बंदच राहिली. राउळांचा स्पर्श सगळ्यांना झाला, पण दोर आणि बादली वेगळीच राहिली. सार्वजनिक पाण्यावर हक्क सांगायला १९२७ साल उजाडावं लागलं, महाडला बाबासाहेब आंबेडकर जावे लागले. दया वेगळी, हक्क वेगळा. मांगवाड्यातल्या बाईची घागर भरली ही गोष्ट मात्र लहान नव्हे, तिला विचारलं असतं तर तिनं तेच सांगितलं असतं.

तिसरी गोष्ट महदाइसेची, आणि ही सांगण्यासाठीच मी आज आले आहे. महदाइसा बालविधवा होती. घर सोडून ती ह्या पंथात आली. पुढे ती रिद्धपूरला गोविंदप्रभूंच्या सेवेत होती. एकदा राउळांनी मनात घेतलं, की आपलं लग्न व्हावं. वेडं मन, मुलासारखं. त्यांच्या माणसांनी ती हौस पुरवायचं ठरवलं आणि लग्नाचा थाट मांडला. लग्न म्हटलं, की गाणी हवीत. वरावर गायच्या गाण्यांना धवळे म्हणतात. ते धवळे कुणी गायचे? महदाइसेनं. तिनं तिथल्या तिथे रुक्मिणी-कृष्णाच्या लग्नाचे धवळे रचले आणि म्हटले. रुक्मिणी म्हणजे आपल्याच कौंडिण्यपूरची, वर्धेकाठची. मराठीतली आद्य कवयित्री म्हणून महदाइसेचं, महदंबेचं नाव घेतात ते ह्या गाण्यांसाठी.

मी शाळेत हे शिकले होते. परीक्षेत एक गुणाचा प्रश्न यायचा, आद्य कवयित्री कोण. पण त्यातली खरी गोष्ट कुणी सांगितली नव्हती. लग्नाच्या मांडवात विधवा उभी आहे, आणि ती चुलीमागे नाही, ती गाते आहे. तिला तिथे बोलावलेलं आहे.

आणि आपल्याकडे? याच तालुक्यातल्या एका गावात मी एका बाईकडे गेले होते. नवरा गेल्यावर तिनं एकटीनं तीन एकर सांभाळलं, सावकाराचे पैसे फेडले, मुलीला बारावी केलं, लग्न ठरवलं, हुंड्यासाठी पाहुण्यांशी भांडली. लग्न लावलं कुणी? दिरानं आणि जावेनं. मी विचारलं, तू कुठे होतीस? ती म्हणाली, 'माह्या पोट्टीच्या लग्नात मी चूल सांभायली, बाई. हयद लावाले बी मले कोणी बोलावलं नाही.' नंतर म्हणाली, 'बोलावलं असतं तरी मी गेली नसती. पोरीचं काही वाईट झालं तर?' हे दुसरं वाक्य मला जास्त लागलं. बंदी बाहेरची होती, ती आत जाऊन बसली.

मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावानं ठराव केला, की विधवेचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र आणि जोडवी काढणं हे आपल्या गावात बंद. त्याच महिन्यात शासनानं परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनीही तसं करावं असं सांगितलं. चांगलं झालं. पण ठराव ग्रामपंचायतीत होतो आणि बांगड्या मयताच्या घरी फुटतात. फोडणाऱ्या हातांत आपलेही हात असतात, हे आपण आपल्यात बोललं पाहिजे.

एका गावात मी महदाइसेची गोष्ट सांगितली तेव्हा एक म्हातारी मला थेट म्हणाली, 'बाई, ते साधुलोक होते, आम्ही संसारी.' तिचं म्हणणं मला पटलं. महदाइसेला मांडवात गाता आलं कारण तिनं घर सोडलं होतं. ती घरातच राहिली असती तर तिचाही आवाज माजघराच्या बाहेर आला नसता. आणि पंथात तरी सगळं समान होतं असं समजू नका. बाइसा चक्रधरांचं सगळं करायची, रांधायची, वाढायची. म्हणजे संसार सुटला पण चूल सुटली नाही! त्याच पंथाच्या सूत्रांत संन्याशाला असंही बजावलेलं आहे, की बाईचं चित्रसुद्धा पाहू नये. इतर मादक पदार्थ घेतल्यावर चढतात, बाई नुसत्या दिसण्यानं चढते, असा त्यातला विचार. बाईचे प्रश्न ऐकून घेणारे आणि बाईला धोका मानणारे एकाच वाटेवर चालत होते. हे झाकून ठेवून नुसता जयजयकार मला करता येत नाही.

पण एक गोष्ट कुणाला नाकारता येणार नाही. चक्रधरांनंतर नागदेवाचार्य, म्हणजे भटोबास, पंथाचे प्रमुख झाले. केशिराज नावाचा विद्वान त्यांच्याकडे होता, संस्कृत जाणणारा. त्यानं संस्कृतात ग्रंथ करायचं मनात आणलं. भटोबासांनी त्याला अडवलं. म्हणाले, तसं करू नको, त्यानं माझ्या म्हाताऱ्या नागवल्या जातील. नागवल्या म्हणजे लुबाडल्या. संस्कृत बायांना येत नव्हतं, येऊ दिलंच नव्हतं. ज्ञान त्या भाषेत गेलं, की ह्या म्हाताऱ्यांच्या हाती काही उरणार नाही, हे एका माणसाला दिसलं. त्या म्हाताऱ्या कोण? टाकलेल्या, विधवा, घर सोडलेल्या, भिक्षा मागून खाणाऱ्या बाया. त्यांना समजावं म्हणून ते सगळं मराठीत राहिलं.

पुढे काय झालं तेही ऐका. चौदाव्या शतकाच्या सुरुवातीला उत्तरेकडच्या फौजांची धामधूम झाली, त्यात लीळाचरित्राची मूळ पोथी गेली. मग ती पुन्हा उभी केली ती ज्यांना पाठ होती त्यांच्या तोंडून. त्यांत एक हिराइसा होती. तिचा पाठ आजही हिराइसेचा पाठ म्हणून ओळखला जातो. म्हणजे पुस्तक बायांसाठी मराठीत ठेवलं, आणि ते हरवलं तेव्हा एका बाईच्या आठवणीतून परत मिळालं. 'बायांच्या डोक्यात काही राहत नाही' असं पुन्हा कुणी म्हटलं, की हिराइसेचं नाव सांगा.

आज रिद्धपूरला मराठी भाषा विद्यापीठ सुरू झालं आहे. आनंद आहे. तिथे प्राध्यापक येतील, प्रबंध होतील. माझी एक मागणी आहे आणि ती मी लेखीही देणार आहे. आपल्या भागातल्या म्हाताऱ्यांकडे दळणाची, लग्नाची, पेरणीची गाणी आहेत, दुष्काळाच्या आठवणी आहेत, कुठल्या विहिरीवर कुणाला चढू देत नव्हते हे त्यांना माहीत आहे. विद्यापीठानं म्हाइंभटासारखं दारोदार जाऊन त्यांना विचारावं. आणि विद्यापीठ येईपर्यंत आपण थांबायचं कारण नाही. गटाच्या बैठकीत हप्ता गोळा झाल्यावर अर्धा तास असतोच. आपल्या पोरी आता शिकलेल्या आहेत, मोबाईलवर आवाज भरता येतो. प्रत्येक गटानं एका म्हातारीला बोलतं करा. तिला आधी राजाचं विचारू नका. तू लग्नात काय नेसली होतीस, पहिल्या बाळंतपणाला कोण होतं, नवरा गेला तेव्हा बांगड्या कुणी फोडल्या, हे विचारा. शेवटचा प्रश्न विचारला, की ती थोडा वेळ गप्प बसेल. थांबा. उठून जाऊ नका.

आणि एक ठरवून टाकू. मृग बहाराच्या संत्र्याची तोड संपली, की एक दिवस रिद्धपूरला जायचं. एसटीला आपल्याला अर्धं तिकीट आहे, वरूडला गाडी बदलावी लागेल. भाकरी आपापली, ठेचा मी आणते. राजमठ बघू आणि सावलीला बसून प्रत्येकीनं लग्नातलं एकेक गाणं म्हणायचं. नवरा गेल्यापासून ज्यांनी मांडवात गाणं म्हटलेलं नाही त्यांची नावं आधी लिहून घेणार आहे. त्या तिकडे वही घेऊन बसल्या आहेत त्यांच्याकडे द्या. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी नुसतं नाव सांगितलं तरी चालेल.